राखणदाराची राखण

सकल सृष्टीचा निर्माता व पालनकर्ता असलेल्या अल्लाहची स्तुती, आणि त्याचे अंतिम प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दरूद व सलाम.



मिंबरवर बसणाऱ्या माणसाला एक खोड लागते. समोरच्याचा प्रश्न पुरता ऐकून घेण्याआधीच त्याच्या ओठांवर उत्तर येते. गेल्या हिवाळ्यात माझ्या हातून अशीच एक चूक घडली. ती आपल्यापुढे मांडतो, कारण तिची झळ मला नव्हे, एका वृद्ध नमाजी माणसाला आणि एका मुक्या जिवाला बसली.

माणदेशातील ज्या गावात मी इमामत करतो, तेथे शेळ्या पाळून गुजराण करणारे एक वयोवृद्ध गृहस्थ आहेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. गावाबाहेर माळावर त्यांचा शेळ्यांचा वाडा आहे. त्या भागात लांडग्याचा वावर असतो, म्हणून राखणीला कुत्रा हवाच. चाचांच्या वाड्यावर शेरू नावाचा कुत्रा अकरा वर्षे राखण करीत आला. एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपल्यावर चाचांनी मला हळू आवाजात विचारले, “मौलाना, कुत्र्याच्या जखमेतला पू कपड्याला लागला, तर नमाज होते का?”

मी तत्काळ उत्तरलो, “होत नाही, चाचा. कपडे बदलत जा. आणि कुत्र्यापासून जरा लांबच राहा.”

चाचांनी मान डोलावली आणि ते निघून गेले. त्यानंतर ते फजरला दिसेनासे झाले, मग इशालाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या वाड्यावर गेलो. दिवेलागण झाली होती. बॅटरीच्या उजेडात चाचा शेरूची मलमपट्टी करीत होते. त्याच्या मागच्या मांडीवर लिंबाएवढी गाठ फुटली होती. डॉक्टरांनी कातडीचा कर्करोग असल्याचे सांगितले होते.

चाचा म्हणाले, “रात्री पट्टी करतो, पहाटे परत करतो. या थंडीत दोन-दोनदा अंघोळ झेपत नाही. नापाक अंगानं मशिदीत कसा येऊ? पोरगा म्हणतो, टेम्पोत घालून हायवेला सोडून येऊ. तुम्हीसुद्धा म्हणालात, लांब राहा. मौलाना, सोडूनच देऊ का?”

वाचकहो, या प्रश्नाने मी खजील झालो. माझ्या एका अर्धवट वाक्यामुळे एक वृद्ध मशिदीपासून तुटला होता आणि एक आजारी जनावर आसऱ्यापासून तुटण्याच्या बेतात होते. त्या संध्याकाळी जे उत्तर मी चाचांना दिले, ते आपल्यापर्यंतही पोहोचावे म्हणून हा लेख.

एक निवेदक, दोन हदीस

कुत्र्याविषयी बोलताना आपल्याकडे एक हदीस सर्वांना पाठ असते. कुत्र्याने ज्या भांड्यात तोंड घातले, ते सात वेळा धुवावे व त्यातील एक वेळ मातीने घासून काढावे, असा तिचा आशय आहे. ही हदीस प्रमाणित आहे आणि तिचे निवेदक आहेत हजरत अबू हुरैरा (रजि.).

त्याच हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी प्रेषितांची (स.) दुसरीही एक हकीकत निवेदन केली आहे. ती बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एक मनुष्य वाटेने जाताना तहानेने व्याकूळ झाला. त्याला विहीर लागली. तो आत उतरला आणि पाणी पिऊन वर आला. पाहतो तो एक कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकीत ओली माती चाटतो आहे. माझी जी अवस्था होती तीच याची आहे, असे त्याच्या मनात आले. तो पुन्हा विहिरीत उतरला, आपला चामडी मोजा पाण्याने भरला, तो दातांत धरून वर चढला आणि त्याने कुत्र्याला पाणी पाजले. अल्लाहने त्याच्या या कृतीची कदर केली आणि त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला मोबदला आहे काय? प्रेषितांनी (स.) दिलेल्या उत्तराचा आशय असा की, प्रत्येक सजीवाशी केलेल्या भलाईत मोबदला आहे.

बनी इस्राईलमधील एका पतित स्त्रीनेही असेच तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजले व ती क्षमेस पात्र ठरली. ही हकीकतही हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडूनच आपल्याला मिळाली आहे.

आता थोडा विचार करा. त्या मनुष्याने पाणी कशात भरले? स्वतःच्या पायातील मोज्यात. कुत्र्याची जीभ कशाला लागली? त्याच मोज्याला. मोजा नंतर धुता आला असता, तहान मात्र थांबायला तयार नव्हती. भांडे धुण्याचा आदेश भांड्याविषयी आहे, तो कुत्र्यासाठी शिक्षा नाही. किंबहुना त्या आदेशातच हे गृहीत आहे की, कुत्रा माणसाच्या आसपास असणार, कधी त्याच्या भांड्याला तोंडही लावणार, आणि तसे झाल्यास काय करावे हे माणसाला ठाऊक असले पाहिजे. शरीअतने अशुद्धतेवर पाण्याचा उपाय सांगितला. निर्दयतेचा डाग कोणत्या पाण्याने धुणार? मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आठवा. ती नरकास पात्र ठरली, ती भांडे धुतले नाही म्हणून नव्हे.

काम संपले म्हणून हक्क संपत नाही

येथे कोणी म्हणेल की, कुत्रा पाळण्याची परवानगी शिकार, शेत आणि जनावरांच्या राखणीपुरतीच आहे. हे खरे आहे. कारणाशिवाय कुत्रा बाळगणाऱ्याच्या सत्कर्मांतून रोज घट होते, असा इशारा हदीसमध्ये आहे आणि केवळ हौसेखातर कुत्रा घरात आणण्याचे समर्थन मी करीत नाही. परंतु शेरू कामासाठीच आणला गेला होता आणि अकरा वर्षे त्याने ते काम केले. प्रश्न एवढाच आहे की, त्याची ताकद ओसरली, दृष्टी मंदावली आणि अंगावर गाठ आली, त्या दिवसापासून तो चाचांचा कोणी लागत नाही काय?

आपल्या मराठीत एक म्हण आहे, गरज सरो, वैद्य मरो. म्हणीने माणसाचा स्वभाव अचूक टिपला आहे; पण तो स्वभाव मोमिनाला शोभणारा नाही. इस्लामी न्यायशास्त्राने या बाबतीत अत्यंत स्पष्ट भूमिका घेतली आहे. जनावर ज्याच्या ताब्यात, त्याचे खाणेपिणे त्याच्यावर बंधनकारक आहे. दमास्कस व कैरो येथे होऊन गेलेले, ‘सुलतानुल उलमा’ म्हणून ओळखले जाणारे थोर शाफई विद्वान इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (निधन इ.स. १२६२) यांनी मनुष्यावरील जनावरांचे हक्क मांडले आहेत. त्यांत ते सांगतात की, जनावर पंगू झाले किंवा आजारी पडले आणि त्यापासून काहीच लाभ उरला नाही, तरीही त्याच्यावर रीतसर खर्च करणे हा त्याचा हक्क आहे. साडेसातशे वर्षांपूर्वी लिहिलेला हा नियम जणू चाचांच्या वाड्याकडे पाहूनच लिहिला असावा!

सुनन अबू दाऊदमधील एक प्रसंगही येथे आठवतो. प्रेषित (स.) एका अन्सारी व्यक्तीच्या बागेत गेले. तेथे एक उंट होता. प्रेषितांना पाहताच तो कण्हू लागला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. प्रेषितांनी (स.) त्याच्या कानामागून हात फिरवला, तसा तो शांत झाला. मग त्यांनी विचारले की, या उंटाचा मालक कोण? एक तरुण पुढे आला. अल्लाहने तुझ्या ताब्यात दिलेल्या या जनावराबाबत तू अल्लाहची भीती बाळगत नाहीस काय, अशा आशयाची कानउघाडणी त्याला ऐकावी लागली; कारण तो उंटाला उपाशी ठेवी आणि राबवून थकवी. वाचकहो, ‘ताब्यात दिलेले’ या शब्दांवर लक्ष द्या. जनावर आपल्या मालकीचे आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ती अमानत आहे, आणि अमानतीचा हिशेब ती जुनी झाली म्हणून माफ होत नाही.

म्हणून मी चाचांना स्पष्ट सांगितले की, शेरूला हायवेला नेऊन सोडणे तुम्हाला वैध नाही. जो अन्न शोधू शकत नाही, वाहन चुकवू शकत नाही, अशा जिवाला रस्त्यावर सोडणे म्हणजे त्याला मोकळे करणे नव्हे, मरणाच्या हवाली करणे आहे. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून देणे गुन्हा मानतो. परंतु मोमिनाला कायद्याच्या आधीचे भय पुरेसे असावे.

आजार समजून घ्यावा

अल्लाहने आजार निर्माण केला तसा त्याचा उपचारही निर्माण केला, म्हणून उपचार करा, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. उपचाराची पहिली पायरी म्हणजे जाणकाराला विचारणे. चाचांना विचारायला उशीर झाला. गाठ लहान होती, तेव्हा ती गोचिडाची सूज असावी असे त्यांना वाटले. पशुवैद्यकांकडून मी जे समजून घेतले, ते आपल्या उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात देतो.

वय झालेल्या कुत्र्याच्या अंगावरची प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पुष्कळशा गाठी निव्वळ चरबीच्या असतात. मात्र नुसत्या डोळ्यांनी हा भेद कळत नाही. डॉक्टर सुईने गाठीतील पेशी काढून तपासतात, त्यातून बरेचसे उमगते. कातडीच्या कर्करोगाचेही प्रकार आहेत. कुत्र्यांत सर्वाधिक आढळणारा घातक प्रकार ‘मास्ट’ नावाच्या पेशींचा आहे. शेरूला तोच झाला होता. दुसरा एक प्रकार उन्हाशी निगडित असून तो पोटासारख्या विरळ केसांच्या, फिक्या कातडीवर उद्भवतो. वेळीच कळले, तर गाठ भोवतालच्या निरोगी कातडीसह कापून काढणे हा मुख्य उपाय आहे. म्हणून नवी गाठ दिसली, जुनी वाढू लागली किंवा न भरणारी जखम आढळली, तर थांबू नये. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे. मोठ्या उपचारासाठी शिरवळ, परळ (मुंबई), परभणी, उदगीर, नागपूर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत.

घरच्या शुश्रूषेतही काही पथ्ये आहेत. गाठ दाबू अथवा चोळू नये. मास्ट पेशींच्या गाठीला डिवचल्यास त्यातून स्रवणाऱ्या द्रव्यांनी भोवतालचा भाग लाल होऊन सुजतो. जनावर जखम चाटत असेल, तर गळ्यात डॉक्टरांकडे मिळणारी नरसाळ्यासारखी पट्टी बांधावी. माश्या बसू देऊ नयेत. जखमेत आळ्या पडल्यास फिनेल किंवा रॉकेल ओतू नये, डॉक्टरांना बोलवावे. आपल्या घरातील अंगदुखीची गोळी त्याला कदापि देऊ नये. आयबुप्रोफेनसारखे औषध कुत्र्याला विषासमान ठरते. विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो. तेव्हाही विलंब नको. भर उन्हात बांधू नये. खाली गोणपाटाचा जाड थर घालावा, म्हणजे म्हाताऱ्या हाडांना जमीन टोचणार नाही. भाकरी कांदा-लसूण नसलेल्या रश्शात भिजवून मऊ करून द्यावी. आणि मनातून एक भीती काढून टाकावी. हा कर्करोग माणसाला किंवा शेळ्यांना लागत नाही.

खर्चाविषयी चाचांच्या मुलाचा आक्षेप होता की, एवढ्या पैशांत एक पाट येईल. मुलाबाळांचा घास काढून जनावराला द्या, असे शरीअत सांगत नाही. ऐपतीप्रमाणे खर्च करावा. शस्त्रक्रिया परवडत नसेल, तर वेदना कमी करण्याचे औषध, स्वच्छ पट्टी आणि पोटभर अन्न एवढे तरी प्रत्येकाच्या आवाक्यात असते. या कामी जकात वापरता येणार नाही, कारण जकातीचे आठ हकदार पवित्र कुरआनने निश्चित केले आहेत. परंतु ऐच्छिक सदका अवश्य देता येतो, आणि शेजाऱ्याच्या मुक्या जनावरासाठी दिलेला सदका वाया जात नाही.

नमाज आणि पाकी

आता चाचांचा मूळ प्रश्न. त्याचे जे उत्तर मी पहिल्याच दिवशी द्यायला हवे होते, ते असे.

कुत्र्याला हात लागल्याने वुजू मोडत नाही आणि गुस्लही बंधनकारक होत नाही. थंडीत चाचा ज्या अंघोळीच्या धास्तीने मशिदीला मुकले, ती अंघोळ त्यांच्यावर कधीच फर्ज नव्हती. अंगाला वा कपड्याला जेथे घाण लागली असेल, तेवढाच भाग धुणे पुरेसे आहे.

हनफी मताप्रमाणे कुत्र्याचे अंग व केस मुळात अशुद्ध नाहीत. लाळ, रक्त व पू अशुद्ध आहेत. असा द्रव कपड्यावर तळहाताच्या खोलगट भागापेक्षा जास्त पसरला असेल, तर तो धुतल्याशिवाय नमाज होत नाही. त्याहून कमी असला तरी धुऊन घेणेच उत्तम. आपल्या कोकणातील बांधव शाफई मताचे आहेत. त्यांच्याकडे नियम अधिक काटेकोर आहे. कुत्र्याचे अंग किंवा आपला हात यांपैकी एक जरी ओला असताना स्पर्श झाला, तरी ती जागा सात वेळा, त्यातील एकदा माती मिसळलेल्या पाण्याने धुवावी. कोरड्याला कोरडे लागले, तर काही नाही. ज्याने त्याने आपापल्या मसलकाचे पालन करावे. इमाम मालिक यांच्या मते तर जिवंत कुत्रा शुद्धच आहे. हे मतभेद उम्मतीसाठी सवलत आहेत. त्यांचा वापर भांडणासाठी होऊ नये.

व्यवहारात हे सारे सोपे आहे. मलमपट्टीसाठी एक जुना सदरा व लुंगी वेगळी ठेवावी. दवाखान्यात मिळणारे रबरी हातमोजे घालावेत. जनावराचे भांडे निराळे असावे, त्याचा आसरा वाड्यात किंवा अंगणात असावा आणि घरातील नमाजची जागा त्यापासून दूर राहावी. पट्टी आटोपली की मोजे टाकावेत, हात धुवावेत, कपडे बदलावेत, वुजू करावे आणि निःशंक मनाने सफमध्ये उभे राहावे. अल्लाहच्या एका निर्मितीची सेवा करून आलेला माणूस अल्लाहच्या घरी यायला संकोचला, तर चूक त्याला नीट न शिकवणाऱ्याची आहे.

वेदना असह्य झाल्यास

काही वेळा उपचार थकतात आणि जनावर रात्रंदिवस तळमळते. इंजेक्शन देऊन त्याची सुटका करावी काय, असे विचारले जाते. या मसल्यात फकीहांमध्ये मतभेद आहेत. शाफई ग्रंथांची भूमिका कडक आहे, तर हनफी ग्रंथांत सवलतीला वाव आढळतो. म्हणून आपल्या मसलकाच्या जाणत्या मुफ्तींसमोर डॉक्टरांचे मत ठेवून निर्णय घ्यावा. आपल्याला कंटाळा आला, हे कारण होऊ शकत नाही. आणि जो मार्ग निवडाल, त्यात ‘एहसान’ असावा. कापण्याच्या जनावरालाही त्रास होऊ नये म्हणून सुरीला धार लावण्याची ताकीद देणारा आपला धर्म आहे. दगडाने ठेचणे, अन्नातून विष घालणे, दोरीने बांधून उपाशी ठेवणे या गोष्टींना त्यात थारा नाही.

आपण सहज बोलून जातो, ‘अमका कुत्र्याच्या मौतीने मेला.’ मराठीचा विद्यार्थी असताना या वाक्प्रचाराचा अर्थ मी परीक्षेत लिहिला होता. तो मला उमगला मात्र चाचांच्या वाड्यावर. त्या मौतीत कुत्र्याचा काय दोष? त्याला तसे मरू देणाऱ्या माणसाची ती कहाणी आहे.

उंबरठ्यावरचा सोबती

सूरह अल-कहफ आपण दर शुक्रवारी पठण करतो. ईमान वाचवण्यासाठी गुहेत आश्रय घेतलेल्या त्या तरुणांसोबत एक कुत्रा होता. तो पुढचे पाय पसरून गुहेच्या उंबरठ्यावर बसला होता, हे अल्लाहने आवर्जून सांगितले. पुढे ते किती जण होते याविषयी लोकांचे अंदाज येतात. कोणी तीन म्हणतो, कोणी पाच, कोणी सात. मात्र प्रत्येक मोजदादीत शेवटी तो कुत्रा मोजलेला आहे. तो आत नव्हता, उंबरठ्यावर होता. तरी तो हिशेबात होता. आपल्या उंबरठ्यावर, आपल्या वाड्याच्या तोंडाशी जो जीव वर्षानुवर्षे बसला, त्याला आपण हिशेबातून वगळावे काय?

त्या संध्याकाळी मी चाचांची माफी मागितली आणि बॅटरी माझ्या हातात घेतली. पुढच्या जुम्म्याला चाचांचे नाव न घेता मिंबरवरून मी सांगितले की, अमुक मसल्यात मी अपुरे उत्तर दिले होते, पूर्ण उत्तर असे आहे. तरुण इमाम बांधवांनाही माझी नम्र विनंती आहे की, मसला सांगण्याआधी विचारणाऱ्याला एकच गोष्ट विचारा, “चाचा, झालं काय?”

शेरूची गाठ पुढे शस्त्रक्रियेने काढली. काही महिन्यांनी ती शेजारीच पुन्हा उगवली. डॉक्टर म्हणाले, आता या वयात पुन्हा कापण्यात अर्थ नाही. त्याला सुखाने राहू द्या. हा लेख लिहीत असताना तो जिवंत आहे. उठताना त्याला आधार लागतो. पहाटेची पट्टी करताना हायवेला सोडून येऊ म्हणणारा मुलगाच आता त्याचे तोंड मांडीवर धरून बसतो. त्यानंतर चाचा हात धुतात, सदरा बदलतात आणि फजरच्या पहिल्या सफमध्ये येऊन उभे राहतात.

हे अल्लाह, ज्या मुक्या जिवांना तू आमच्या ताब्यात दिलेस, त्यांच्याबाबत आमच्या मनात तुझे भय निर्माण कर. त्यांनी आम्हाला दिलेले दिवस विसरण्याच्या कृतघ्नतेपासून आम्हाला वाचव. आमच्या जिभांना घाईच्या उत्तरांपासून आवर, आमचे कपडे पाक ठेव आणि अंतःकरणे कपड्यांहून अधिक पाक ठेव. आम्हीही एक दिवस म्हातारे आणि निरुपयोगी होणार आहोत. त्या दिवशी आमच्यावर दया कर. आमीन.